परदेशी मदत गावात कोणत्या वाटेने येते? भोकरदनच्या एका शेतकरी गटाला उत्तर

भोकरदन तालुक्यातल्या एका तरुण कृषी पदवीधराने विचारलं आहे: "आमची शेतकरी उत्पादक कंपनी नोंदवून झाली आहे. सोयाबीन, मका आणि मिरची ही सभासदांची मुख्य पिकं. परदेशी संस्था आणि सरकारं शेतकऱ्यांना मदत करतात, शिकायला तिकडे नेतात, असं ऐकतो. आम्हाला असा निधी मिळेल का? आमच्यातल्या कुणाला पाठवता येईल का? सुरुवात कुठून करायची? एक जण म्हणतो, फाइल दिल्लीहून मंजूर करून आणतो, आधी पंचवीस हजार द्या. द्यावेत का?"

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी. देऊ नका. एक रुपयाही देऊ नका. ज्या संस्था खरोखर मदत करतात त्या अर्ज करायला पैसे मागत नाहीत, आणि मंजुरी "आणून देणारा" मधला माणूस त्यांना चालत नाही. "प्रोसेसिंग फी", "रिझर्व्ह बँकेचा टॅक्स", "डॉलर सोडवण्याचा खर्च" अशी नावं कानावर आली की बोलणं तिथेच थांबवायचं. असे पैसे गेले म्हणजे रक्कम तर जातेच, पण ज्या सभासदांनी वर्गणी दिली ते पुढच्या बैठकीला येत नाहीत. गट मोडायला तेवढं पुरतं.

आता बाकीचं. मी जालना, बीड, लातूर या पट्ट्यात पाणलोटाच्या आणि महिला गटांच्या कामात बरीच वर्षं काढली आहेत. परदेशी पैशावर चाललेले कार्यक्रम आतून पाहिले, काही टिकले, काही पाटी लावून संपले. त्यावरून सांगतो.

परदेशी पैसा तुमच्या तालुक्यात आधीच आलेला आहे. त्यावर परदेशी नाव नाही, म्हणून तो दिसत नाही. ज्याला आपण सगळे "पोकरा" म्हणतो, तो नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प जागतिक बँकेच्या कर्जावर उभा आहे. २०१८ साली बँकेने त्यासाठी ४२ कोटी डॉलर मंजूर केले. प्रकल्पाचा सत्तर टक्के खर्च बँकेच्या कर्जातून आणि उरलेला राज्याच्या तिजोरीतून. पहिल्या टप्प्यात १५ जिल्हे होते, त्यात मराठवाड्याचे आठही. दुसऱ्या टप्प्यात २१ जिल्ह्यांतली ७,२०१ गावं घेतली आहेत. शेतकरी उत्पादक कंपन्यांसाठीचा "स्मार्ट", म्हणजे बाळासाहेब ठाकरे कृषी व्यवसाय व ग्रामीण परिवर्तन प्रकल्प, हाही जागतिक बँकेचाच. त्याला २१ कोटी डॉलर. फळं, भाजीपाला आणि फुलांच्या साखळीसाठी असलेला "मॅग्नेट" आशियाई विकास बँकेच्या १० कोटी डॉलर कर्जाचा. आणि तुमच्या आईने किंवा काकूने ज्या बचत गटात पहिल्यांदा सही केली असेल, तो "माविम"चा, म्हणजे राज्याच्या महिला आर्थिक विकास महामंडळाचा, तेजस्विनी कार्यक्रम रोमला मुख्यालय असलेल्या इफाड या संयुक्त राष्ट्रांच्या कृषी विकास निधीच्या मदतीने २००७ पासून चालला.

यातला कळीचा शब्द कर्ज हा आहे. जागतिक बँकेने हे दान दिलेलं नाही. हा पैसा राज्याला फेडायचा आहे, म्हणजे तुमच्या-माझ्या करातून फिटणार आहे. म्हणून तो मागताना हात जोडायची गरज नाही. गाव यादीत आहे का, गावच्या आराखड्यात काय धरलंय, कुणाचे अर्ज कुठे अडकलेत, हे ग्रामसभेत उभं राहून विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. मी पाहिलेल्या गावांत फरक तिथेच पडला. जिथे चार जणांनी आराखडा वाचून दाखवायला लावला, तिथे शेततळी, ठिबक, अवजारं गरजवंतांकडे गेली. जिथे आराखडा दोन जणांनी एका बैठकीत भरला, तिथे सगळ्या वस्तू एकाच आळीत दिसतात.

तुमच्या बाबतीत मी पहिला दरवाजा मिरचीचा ठोठावेन. पिंपळगाव रेणुकाईचा मिरची बाजार तुमच्याच तालुक्यात आहे, बाहेरच्या राज्यांतले व्यापारी तिथे उतरतात, आणि मॅग्नेटच्या पिकांच्या यादीत मिरची आहे. माल निवडणं, प्रतवारी, शीतगृह, पॅकिंग, या कामांना त्यात मदत धरलेली आहे. स्मार्टमध्ये कंपनीच्या प्रकल्प खर्चाला साठ टक्क्यांपर्यंत अनुदान धरलं आहे. प्रत्येक प्रकल्पाची मुदत असते, अर्ज खुले-बंद होतात, म्हणून आधी जिल्ह्याच्या "आत्मा" (कृषी तंत्रज्ञान व्यवस्थापन यंत्रणा) कार्यालयात जाऊन सध्या कशात अर्ज घेताहेत ते लेखी विचारा. तोंडी उत्तरावर गाडी हलवू नका. आणि उरलेले चाळीस टक्के कुठून आणणार याचा हिशेब अर्जाआधी मांडा. अनुदान बहुतेक वेळा काम झाल्यावर, टप्प्याटप्प्याने मिळतं. तोवर कंपनीला स्वतःचा किंवा बँकेचा पैसा अडकवावा लागतो. अनेक चांगल्या कंपन्या याच मधल्या काळात अडकल्या: शेड उभं राहिलं, यंत्र आलं, आणि कच्चा माल घ्यायला खेळतं भांडवल उरलं नाही.

आता थेट परदेशातून येणाऱ्या देणगीकडे येऊ. जर्मनी, स्वित्झर्लंड, नेदरलँड, इंग्लंड इथल्या चर्चशी जोडलेल्या आणि इतरही संस्थांनी मराठवाड्यात अनेक दशकं काम केलं आहे. पण त्यांचा पैसा घ्यायला विदेशी अंशदान नियमन कायदा, २०१० खाली नोंदणी लागते. आपण त्याला एफसीआरए म्हणतो. संस्था किमान तीन वर्षं काम करत असावी लागते, त्या काळात तिने मूळ कामावर १५ लाख रुपये खर्च केलेले दाखवावे लागतात, आणि पैसा आधी दिल्लीत स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच उतरावा लागतो. २०२० च्या दुरुस्तीने आणखी एक मोठा बदल केला: नोंदणी असलेली संस्था परदेशी पैसा पुढे दुसऱ्या संस्थेला देऊ शकत नाही. पूर्वी पुण्या-मुंबईची मोठी संस्था पैसे आणायची आणि तालुक्यातली छोटी संस्था काम करायची. ती वाट बंद झाली. कार्यालयीन खर्चाची मर्यादाही पन्नास टक्क्यांवरून वीसवर आली. मराठवाड्यातल्या कितीतरी छोट्या, प्रामाणिक संस्था यात मिटल्या. याचं मला आजही वाईट वाटतं, कारण त्यांच्या कार्यकर्त्यांना वाडी-तांड्यावरचं प्रत्येक घर माहीत होतं.

तुमची कंपनी नफ्यातोट्यात व्यवहार करणारी आहे. तिने एफसीआरएच्या मागे लागू नये. नोंदणी असलेली संस्था स्वतः तुमच्या गावात कार्यक्रम राबवू शकते, प्रशिक्षण, मातीपरीक्षण, पाणलोट, जे तिच्या नावावर मंजूर आहे ते. त्यात तुमचे सभासद सहभागी होतील, पैसा मात्र त्या संस्थेच्या वहीत राहील. परदेशी खरेदीदाराला मिरची किंवा हळद विकून येणारे पैसे ही गोष्ट निराळी. तो व्यापार आहे, देणगी नाही. आणखी एक बारीक मुद्दा, जो गावात कुणी सांगत नाही: या कायद्यात निवडून आलेल्या सभागृहांच्या व्याख्येत पंचायतीही येतात. त्यामुळे तुमच्या संचालकांत कुणी सरपंच किंवा ग्रामपंचायत सदस्य असेल तर त्याने परदेशी देणगी स्वतः घ्यायची नाही, आणि परदेशी संस्थेच्या खर्चाने दौऱ्यावर जायचं तर केंद्रीय गृहखात्याची आधी परवानगी घ्यायची. उत्साहाच्या भरात हे राहून जातं आणि मग नोटीस येते.

मदत टिकते कशाने, यावर थोडं थांबतो, कारण तुमच्या प्रश्नात हे नाही आणि ते असायला हवं होतं.

इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम हे मी जवळून पाहिलेलं सगळ्यात भक्कम उदाहरण. जर्मन सरकारचा पैसा, नाबार्ड या शेती-ग्रामीण विकास बँकेची व्यवस्था, आणि त्यामागे फादर हर्मन बाखर या मूळच्या स्विस जेझुइट धर्मगुरूंची जिद्द. त्यांनी नगर भागात अनेक दशकं काम केलं. नव्वदच्या दशकात या कार्यक्रमाने एक उलटा क्रम घातला होता. पैसा आधी नाही. आधी गावाने श्रमदान करून दाखवायचं, चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदीचा ठराव करायचा, ग्रामसभेतून पाणलोट समिती निवडायची, त्यात बायका आणि भूमिहीन घ्यायचे. छोट्या क्षेत्रावर काम करून समितीचा हात बसला की मगच पूर्ण पाणलोटाला मंजुरी. बरीच गावं पहिल्या टप्प्यातच गळाली. त्या गळण्याने पैसा वाचला आणि उरलेल्या गावांत काम पक्कं झालं.

आणि नियोजन. ते मला अजून डोळ्यांपुढे दिसतं. कार्यालयात बसून नकाशावर रेघा मारायच्या नाहीत. गटनंबर घेऊन त्या रानात जायचं आणि नवरा-बायको दोघांनाही बांधावर उभं करायचं. जाफराबाद तालुक्यातल्या एका शिवारात अभियंत्याने उतार मोजून बांधाची रेघ सांगितली. मालक मान हलवत होता. त्याची बायको विळा हातात घेऊन बाजूला उभी होती, ती म्हणाली, "पाणी इथून येतच नाही. वरच्या धुऱ्यावरून फुटतं आणि त्या बोरीच्या बुडापासून माती घेऊन जातं. मागच्या आषाढात तिथंच माझी तूर वाहिली." सगळे बोरीपाशी गेले. तिथे खरोखर मुरूम उघडा पडला होता. रेघ बदलली. मग फॉर्मवर तिचाही अंगठा घेतला. त्या बांधाला फूट पडली की ती स्वतः दगड लावायची, कारण जागा तिने दाखवली होती. परदेशी पैशाची कामं पाहायला जाल तेव्हा बांध मोजू नका. तो बांध कुठे घालायचा हे कुणी सांगितलं ते विचारा.

जालन्याजवळचं कडवंची याच कार्यक्रमातून उभं राहिलं. खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राने आणि मराठवाडा शेती सहाय्य मंडळाने, विजयअण्णा बोराडे यांच्या मार्गदर्शनाखाली, नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात तिथे माथा ते पायथा काम केलं. नंतर द्राक्ष आली, शेकडो शेततळी झाली, आणि दुष्काळी सालातही लोक ते गाव पाहायला जातात. पण कडवंचीला जाणारे बहुतेक जण शेततळ्याचा फोटो घेऊन परततात. आधी वर डोंगराला समतल चर झाले, मग बांधबंदिस्ती, मग नाला, आणि पाणी मुरल्यावर तळी. हा क्रम फोटोत येत नाही. क्रम सोडून नुसती प्लास्टिकची तळी घेतली की काय होतं ते मराठवाडाभर दिसतं: पावसाचं पाणी अडवण्याऐवजी विहीर-बोअरचं पाणी उपसून तळी भरतात, एकाची बाग जगते आणि खालच्याची विहीर जानेवारीतच तळ गाठते.

चराईबंदीबद्दलही सांगितलं पाहिजे. गाव हिरवं होतं हे खरं, पण पहिली तीन-चार वर्षं किंमत मोजतात ते मेंढपाळ आणि दोन शेळ्यांवर घर चालवणाऱ्या भूमिहीन बायका. ज्या समित्यांनी त्यांना कापून नेण्याच्या गवतावर पहिला हक्क दिला आणि मजुरीच्या कामात पुढे घेतलं, तिथे बंदी टिकली. जिथे त्यांना नुसता दंड लावला, तिथे रात्री शेळ्या आत जायच्या. मी त्यांना दोष देत नाही.

दुसरी आठवण किल्लारीची. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला आणि लातूर-धाराशिवात सगळ्या जगातून मदत आली. जागतिक बँकेचं पुनर्वसन कर्ज आलं, घरं उभी राहिली. त्या घरांबद्दल पुष्कळ बोलता येईल, पण मला महत्त्वाची वाटते ती एक वेगळीच गोष्ट. घर दुरुस्तीच्या कामात गावागावांत बायकांना संवाद सहायक म्हणून नेमलं गेलं. अनुदान किती, सिमेंट कसं वापरायचं, कोपऱ्यांना पट्टी कशी घालायची, हे त्या घरोघर सांगू लागल्या. ज्यांनी तोवर तहसील पाहिली नव्हती त्या अधिकाऱ्यांशी बोलू लागल्या. प्रेमा गोपालन यांच्या स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेने त्या बायकांना बांधून ठेवलं. २००१ ला कच्छचा भूकंप झाला तेव्हा लातूरच्या बायका तिकडे शिकवायला गेल्या, २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूत गेल्या. पुढे याच साखळीतून एक एकर शेतीचं काम वाढलं: घरच्या शेतातला एक एकर किंवा अर्धा एकर बाईने मागून घ्यायचा, त्यात तिच्या मर्जीने डाळी, भाजी, ज्वारी अशी खाण्याची पिकं घ्यायची, रासायनिक खर्च कमी ठेवायचा. दुष्काळात सोयाबीन गेलं तरी त्या एकरातून घरचं ताट भरलं. २०१७ साली संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार या कामाला मिळाला. सिमेंटच्या खर्चाने घरं झाली. बायकांना बोलतं करायला जो थोडा पैसा लागला, त्याचं पीक अजून निघतंय.

देवाणघेवाण म्हटलं की आपल्याला विमान आठवतं. मराठवाड्याला सगळ्यात मोठी देवाणघेवाण विमानाशिवाय मिळालेली आहे. तुम्ही सोयाबीन बीबीएफने पेरत असाल. रुंद वरंबा सरीची ही पद्धत काळ्या जमिनीसाठी सत्तरच्या दशकात हैदराबादजवळच्या पाटणचेरूला, इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेत घडली. तिथे देशोदेशीचे शास्त्रज्ञ होते; वरंबे काढायला त्यांनी जे बैलचलित ट्रॉपिकल्चर अवजार वापरलं त्याची रचना झाँ नोल या फ्रेंच अभियंत्याची. अवजार चांगलं होतं, पण आपल्या शेतकऱ्याला महाग पडलं आणि तेव्हा पसरलं नाही. कल्पना मात्र मेली नाही. ट्रॅक्टरचं बीबीएफ पेरणी यंत्र आलं, परभणीच्या विद्यापीठाने आणि कृषी खात्याने ते लावून धरलं, पोकराने त्याला जोर दिला, आणि आज जास्त पावसात सरीतून पाणी निघून जातं, ओढ दिली तर वरंब्यात ओल टिकते, हे शेतकरी एकमेकांना सांगतात. शिवारात पोचायला कित्येक दशकं लागली. परदेशी तंत्र दोन हंगामांत गावात रुजेल असं ज्याने सांगितलं त्याच्याकडे संशयाने बघा.

परभणी शक्ती ही ज्वारीही अशीच. इक्रिसॅटच्या साहित्यातून वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने २०१८ ला ती दिली, दाण्यात लोह आणि जस्त जास्त. वाण उत्तम, पण तोवर आपण खरिपाची ज्वारी पेरायचीच सोडली होती, सगळं रान सोयाबीनखाली. तुमच्यासारख्या कंपनीने अंगणवाडी किंवा शाळेच्या आहाराशी जोडून अशा ज्वारीचं पीठ विकायचा विचार केला तर एका परदेशी मदतीचं चीज होईल. (जाता जाता: गाजरगवत खाणारा मेक्सिकन भुंगा ऐंशीच्या दशकात मेक्सिकोतून भारतात आणला गेला, आणि परभणीचं विद्यापीठ पावसाळ्यात शेतकऱ्यांना हे भुंगे देत आलं आहे. विचारून आणा, फुकट कामगार आहे.)

आता माणूस पाठवायचा प्रश्न. वाटा आहेत, पण प्रत्येक वाट निराळ्या माणसासाठी आहे.

राज्याच्या कृषी खात्याची परदेश अभ्यास दौऱ्याची योजना शेतकऱ्यांसाठी आहे. काही दिवसांचा दौरा, खर्चाचा एक भाग शासन देतं, बाकी आपला. सातबारा, आठ-अ, चालू पासपोर्ट लागतो, अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे. दौरा छोटा असतो, म्हणून तयारी करून गेलेल्यालाच काही मिळतं. अंबड भागातले एक मोसंबी बागायतदार इस्रायल पाहून आले. गावाला वाटलं, काहीतरी मशीन आणतील. त्यांनी आल्यावर ठिबकच्या मेन लाइनला पाण्याचा मीटर बसवला आणि प्रत्येक व्हॉल्व्हशेजारी पत्र्याचा तुकडा बांधला. त्यावर खडूने तारीख आणि किती लिटर गेलं ते लिहायचं. तिकडे पाणी कोट्याने मिळतं, मोजल्याशिवाय कुणी सोडत नाही, हे त्यांनी उचललं. दोन हंगामांनी सालगडीही लिटरमध्ये बोलू लागला. इस्रायलचं तंत्र जवळून पाहायचं तर संभाजीनगरच्या हिमायतबागेत केशर आंब्याचं इंडो-इस्रायल गुणवत्ता केंद्र आहे. पासपोर्ट काढण्याआधी एसटीने तिथे जाऊन या. दाट लागवड आणि छाटणीचे अर्ध्याहून जास्त प्रश्न तिथेच सुटतात.

गावात राहून काम करणारा, शेतकऱ्यांना संघटित करणारा कार्यकर्ता असेल तर जपानमधली एशियन रूरल इन्स्टिट्यूट पाहा. १९७३ पासून तोचिगी प्रांतात ती चालते. एप्रिल ते डिसेंबर असा नऊ महिन्यांचा अभ्यासक्रम, आशिया-आफ्रिकेतले ग्रामीण कार्यकर्ते एकत्र राहतात, स्वतः पिकवतात, स्वतः रांधतात, जनावरं सांभाळतात. पदवी मिळत नाही. कामकाज इंग्रजीत चालतं, पाठवणारी संस्था लागते, आणि परत येऊन त्याच लोकांत काम करायचं ही अपेक्षा असते. इंग्रजी मोडकंतोडकं असलं तरी चालेल, पण बोलायची भीती नसावी. तुमच्या गटातल्या मुलीचा इथे आधी विचार करा. माझा अनुभव असा की परतून गावात टिकून राहण्याचं प्रमाण बायकांत जास्त आहे.

विद्यापीठात शिकणाऱ्यांसाठी निराळे मार्ग आहेत. परभणीला जागतिक बँक आणि भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या राष्ट्रीय कृषी उच्च शिक्षण प्रकल्पातून डिजिटल शेतीचं केंद्र झालं, त्यातून विद्यार्थी आणि प्राध्यापक परदेशी विद्यापीठांत जाऊन आले. तुमची पदवी तिथलीच असेल तर त्या प्राध्यापकांना भेटा, ते बांधावर यायला तयार असतात.

आणि एक सावध सूचना. जपानचा तांत्रिक प्रशिक्षणार्थी कार्यक्रम भारताशी २०१७ च्या कराराने सुरू झाला, त्यात शेतीही आहे. नाव प्रशिक्षणाचं असलं तरी तिथे पूर्ण वेळ मजुरी करायची असते, पगार मिळतो, काही वर्षं राहावं लागतं. ज्याला कमाईसाठी जायचंय त्याने सरकारमान्य संस्थेमार्फत, करार वाचून, खुशाल जावं. पण "शेती शिकून येईल आणि गाव बदलेल" असं सांगून त्याच्या बापाला रान गहाण टाकायला लावू नका. अशी घरं मी पाहिली आहेत.

बाहेरचे लोक तुमच्याकडे येणं हीही देवाणघेवाणच, आणि ती जास्त स्वस्त. कृषी विज्ञान केंद्रं आणि मोठ्या संस्था यांच्याकडे परदेशी विद्यार्थी, शेतकरी, अभ्यासक येतात. खरपुडी, बदनापूर, सगरोळी, तोंडापूर, तुळजापूर, जे जवळ पडेल तिथे कळवून ठेवा की आमचं गाव पाहुणे घ्यायला तयार आहे. आले की फेटे बांधणं, लेझीम, दोन तासांचं भाषण यात दिवस घालवू नका. सकाळी शेतात न्या, हातात खुरपं द्या, आणि बैठकीत तुमचे प्रश्न विचारा: तुमच्याकडे पीक विमा कसा मिळतो, भाव कोण ठरवतं, शेतकऱ्याचा मुलगा शेती करतो का. युरोपातल्या एका दूध उत्पादकाने आमच्या गटापुढे स्वतःच्या कर्जाचा आकडा सांगितला, तेव्हा ओट्यावर बसलेल्या बायका एकदम सरसावून बसल्या आणि पुढचा तासभर दुभाष्याला श्वास घ्यायला मिळाला नाही. सहकारी संस्थेचा हिशेब सभासदांपुढे वर्षातून कितीदा मांडतात, हा प्रश्न त्यातल्याच एकीने विचारला. त्या वर्षापासून त्या गटात तिमाही हिशेब फळ्यावर लिहायला लागले.

एका देणगीदारावर घर बांधू नका, हे तर २०२५ ने जगाला दाखवलं. अमेरिकेची यूएसएड ही एवढी मोठी संस्था काही महिन्यांत बंद झाली आणि देशोदेशीचे शेतीचे कार्यक्रम हंगामाच्या मध्यावर थांबले. कुणीही मदत घेऊन आलं की पहिल्याच बैठकीत विचारा: तुम्ही किती वर्षांसाठी आहात, गेल्यावर हा पगार, हे वीजबिल, ही दुरुस्ती कोण करणार? उत्तर "बघू" असं आलं तर ती गोष्ट तेवढ्यापुरतीच घ्या. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात पुराने जमिनी खरडून गेल्या, तेव्हाही धान्याची किटं आणि चादरी पुष्कळ आल्या. पण रानात गाळ-माती परत टाकायला आणि रब्बीला बियाणं द्यायला येणारे थोडे होते. जिथे गटाकडे नुकसानीची गटनंबरवार यादी फोटोसह तयार होती, तिथे तेही मिळालं.

म्हणून तुमची सुरुवात अशी करा. या उन्हाळ्यात सभासदांची एक वही तयार करा: गटनंबर, क्षेत्र, जमीन हलकी की भारी, पाण्याचं साधन, मागच्या तीन वर्षांचं पीक, उत्पन्न आणि मिळालेला भाव, मिरची कुणाला विकली तेही. बाईच्या नावावर जमीन आहे का हा रकाना विसरू नका. कंपनीचे लेखापरीक्षण, वार्षिक सभेचे ठराव, निबंधकांकडची विवरणपत्रं वेळेत भरा. परदेशी असो की सरकारी, प्रत्येक मदतीची पहिली चाळणी तीच आहे. वही झाली की खरपुडीला जा, तिथल्या विषयतज्ज्ञाबरोबर बसून मिरचीच्या प्रतवारी-साठवणीचा दोन पानी प्रस्ताव मराठीत लिहा, आणि तो घेऊन आत्मा आणि मॅग्नेटच्या कार्यालयांत जा. प्रत्येक ठिकाणी अर्जाची पोच घ्या. पहिल्या खेपेला गटातले तिघे-चौघे मिळून जा, त्यात एक तरी बाई असू द्या, आणि त्या पंचवीस हजारांतून सभासदांच्या मातीचे नमुने तपासून घ्या.